सहा खड्डे आणि पूजेचा तांब्या

"साहेब, चपला काढा अन् खाली या. नारळ तुमच्या हातानं फोडायचा हाय," सरपंच खड्ड्यातून ओरडले.

"तुम्हीच फोडा सरपंच. मी वरून बघतो," मी म्हणालो.

बघणं हेच माझं काम होतं. पूजेला माझा विरोध नव्हता आणि सहभागही नव्हता. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नारळ फुटला तर खोबऱ्यासाठी. साईटवर लोक पूजा करायचे, तेवढा वेळ मी बाजूला उभा राहून खड्ड्याची मापं डोळ्यांनी तपासायचो. कुणी कुणाला काही म्हणत नसे.

गाव आताच्या रेणापूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला लग्नपत्रिका पाठवतात. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावातल्या विहिरी आटलेल्या, टँकर दोन दिवसाआड. पण गावाच्या खालच्या अंगाला आमच्या खात्यानं मारलेल्या बोअरला पाणी लागलं होतं. ते पाणी नळानं घरोघर जायचं तर उंच टाकी हवी. त्या टाकीचं डिझाईन माझ्याकडे होतं. मी मूळचा नांदेडचा, आडनाव वाघमारे, हुद्दा डिझाईन करणारा इंजिनिअर. नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात मला टेबल आल्या आल्या मिळालं, खुर्ची महिन्यानं आली.

टाकीचं गणित आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. एक लाख लिटर पाणी म्हणजे शंभर टन. टाकीचं आणि खांबांचं काँक्रीट त्याहून जड. हे सगळं ओझं सहा खांबांवर, चाळीस फूट उंच. खांब बारीक असतो, नुसता उभा केला तर जमिनीत घुसेल. म्हणून प्रत्येक खांबाखाली जमिनीत काँक्रीटचा रुंद पाट घालतात. त्याला फूटिंग म्हणतात. हा पाट किती रुंद करायचा ते जमिनीवर ठरतं. एक चौरस मीटर जमीन किती टन सोसेल, त्या आकड्याला आमच्या भाषेत बेअरिंग म्हणतात. कडक मुरमाला मी वीस टन धरायचो. काळ्या मातीला सहा-सात धरतानाही मी दोनदा विचार करतो, कारण ती पाण्यानं फुगते, उन्हानं आक्रसते आणि तिचा भरवसा नसतो.

कागदावर टाकीचं मॉडेल मांडताना आम्ही एक गोष्ट गृहीत धरतो. सहाही खांब खाली घट्ट बसलेत, जमीन तसूभर हलणार नाही. मग वारा लावतो, भूकंप लावतो, टाकी भरलेली धरतो, रिकामी धरतो. तेव्हा हे सगळं हातानं चालायचं, कागदाची चळत व्हायची. पण एका खांबाखालची जमीन खचली की ती सगळी चळत रद्दी. डोक्यावर भरली घागर घेऊन बाई ओढा ओलांडत असते आणि एका पायाखालचा दगड निसटतो, तसं. फक्त इथे घागर शंभर टनांची आणि खाली उभं गाव.

तर या गावचा वीस टनांचा आकडा मीच दिलेला. कसा दिला, तेही ऐका.

खरी पद्धत अशी की टाकीच्या जागेवर चाचणीचा खड्डा घ्यायचा, तळावर लोखंडी प्लेट ठेवायची, तिच्यावर जॅकनं वजन लादायचं आणि ती किती दबते ते मोजायचं. पण ती प्लेट, तो जॅक, जुनी रेकॉर्डं, सगळं जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलं होतं. आमच्या ऑफिसात थोड्याबहुत फाईली होत्या, त्याही पोत्यांत. आणि दुष्काळामुळे टाक्या मात्र धडाधड मंजूर होत होत्या. मग आम्ही इंजिनिअर लोकांनी एक युक्ती काढली. विहिरी कोरड्याच होत्या. दोर सोडायचा, आत उतरायचं, भिंतीवर जमिनीचे सगळे थर आयते दिसतात. आम्ही त्याला 'विहीर वाचणं' म्हणायचो. मोठ्या ऐटीत म्हणायचो!

टाकीच्या जागेपासून पन्नास पावलांवरची विहीर मी स्वतः उतरून वाचली होती. वर पाच फूट काळी माती. त्याखाली पिवळट, चुनखडीचे खडे असलेला कडक थर. टिकाव मारला, तर टिकाव उडाला. हाताला झिणझिण्या आल्या. मी वहीत लिहिलं, पाच फुटांवर कडक मुरूम, बेअरिंग वीस टन. वर येऊन चहा प्यायलो.

त्याच आकड्यावर फूटिंगं काढली आणि सहा खड्डे खोदले गेले. पूजेच्या दिवशी सकाळी मी प्रत्येक खड्ड्यात उतरून टिकाव मारून पाहिला. सगळीकडे तोच पिवळा थर, तोच टणटण आवाज. रजिस्टरवर सही केली, 'पाया पास'. ही सही झाल्याशिवाय काँक्रीट पडत नाही. आता फक्त पूजा राहिली होती.

ईशान्येच्या खड्ड्यात सरपंच माधवराव आणि त्यांची बायको, दोघं बसले. हळद, कुंकू, फुलं झाली. बाईंनी तांब्या उचलला.

"जपून वता वैनी, टँकर उद्या हाय," वरून कुणीतरी बोललं. लोक हसले.

बाईंनी काही ऐकलं नाही. गावाला पाणी मिळावं म्हणून पूजा, तिथं काय कंजूषपणा करायचा? त्यांनी तांब्या जवळजवळ रिकामा केला. वर नारळाचं पाणी सांडलं. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. माझे डोळे उघडे होते.

मुरमावर पाणी ओतलं की ते खड्यांमधून सरसर आत जातं आणि खडे होते तसेच राहतात. इथलं पाणी आत जाईना. थबकून राहिलं. मग त्याच्याखालची जमीन चकाकायला लागली. पूजा आटोपून बाई शिडीकडे वळल्या आणि त्यांचा पाय सर्रकन गेला. सरपंचांनी दंडाला धरलं म्हणून वाचल्या. वर आल्या तर टाचेला पिवळा गोळा चिकटलेला. काडीनं खरवडत म्हणाल्या, "अगं बाई, लोन्यावानी हाय की हे!"



मी चपला न काढताच खाली उतरलो. खड्ड्याच्या कोरड्या कोपऱ्यातला लिंबाएवढा खडा टिकावानं फोडून काढला. हातात दगडासारखा लागत होता. तांब्यात तळाशी पाणी उरलं होतं, त्यात टाकला. आधी बारीक बुडबुडे आले. मग कडा ढासळल्या. पाच मिनिटांत तांब्याच्या बुडाशी घट्ट पिठलं झालं आणि त्यात दोन-तीन चुनखडीचे दाणे.

मुरूम नव्हताच तो. पिवळी चिकण माती होती. उन्हानं भाजून निघाली होती, म्हणून टिकाव उडत होता. चांगलं पाऊसपाणी असतं तर त्या विहिरीत मला उतरताच आलं नसतं. आणि ओल असती तर नुसतं बोट लावून कळलं असतं. दुष्काळात सगळे थर उघडे दिसत होते आणि सगळे सारखेच कडक होते. ओतून बघायला पाणी कुणाकडे होतं? आणि मला तरी सुचलं कुठे?

वर मिक्सर सुरू झाला होता. मी ओरडलो, "मिस्त्री, बंद करा!"

रशीद मिस्त्री आमचे कंत्राटदार. उदगीरचे, तीन पिढ्या गवंडीकाम, वय साठीच्या आसपास. त्यांनी मिक्सर बंद केला आणि काही न विचारता जवळ आले. सरपंच मात्र तापले.

"पूजा झाल्यावर काम थांबवत न्हाईत साहेब. अपशकुन व्हतो."

"सरपंच, हा मुरूम नाही. भिजला की बसणार. टाकी पडेल."

"सकाळी तर तुमीच सही केली की!"

"केली. चुकलो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "त्यान्ला पूजाच नको व्हती. म्हनून चाललंय हे सगळं."

माझा स्वभाव तापट. घरातले म्हणतात, मीठ जरा जास्त पडलंय याच्यात. मी वळलो. "कोण बोललं? समोर येऊन बोल!" कुणी आलं नाही. म्हटलं, "ऐका. तुमच्या पूजेनंच आज तुम्हाला वाचवलंय. बाईंनी तांब्या ओतला नसता तर आत्ता मी मिक्सरपाशी उभा राहून पाट्या मोजत असतो. मग दोन वर्षांनी हे धूड तुमच्या डोक्यावर आलं असतं."

मग बाईच सरपंचांना म्हणाल्या, "अहो, साहेब खरं बोलायलेत. माझा पाय गेला की त्याच्यात. टाकीचा न्हाई का जानार?"

सरपंच डोक्यावरची टोपी काढून खाली बसले. "गावाला काय सांगू आता? टाकी व्हनार म्हनून बाया रोज हितं येऊन बघून जात्यात."



लोक पांगल्यावर रशीद मिस्त्री हळूच म्हणाले, "साहेब, गुस्सा करू नका. मला कालच शक आला व्हता. मजुरांनी ढेकळावर घाम पुसलेला हात ठिवला, तर हाताला चिकटलं म्हनत व्हते."

"मग बोलला का नाहीत मिस्त्री?"

"तुमचा रिपोर्ट व्हता. तुमी खुद विहिरीत उतरलेले. मी कोन बोलनार?"

मी रागावणार होतो. पण कोणत्या तोंडानं?

त्यांनी दुसऱ्या दिवशी एका खड्ड्यात पहारी लावल्या. तेरा फुटांवर खरा मुरूम लागला. या वेळी मी टँकरवाल्याकडून एक घागर मागून आणली आणि सगळी ओतली. पाणी सरसर गेलं. खडे जागच्या जागी. मुरूम आठ फूट जास्त खाली होता, एवढाच माझ्या वाचनातला फरक.

शनिवारी सकाळी लातूरला ऑफिसात जाऊन साहेबांसमोर उभा राहिलो. आमचे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, पुण्याकडचे. कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

"वाघमारे, रिपोर्ट तुमचा. रद्दही तुम्हीच करताय?"

"हो साहेब."

"किती उशीर?"

"दीड-दोन महिने. सगळे पाये खाली न्यावे लागतील."

"आणि वर मी काय कळवू? तिकडून रोज विचारणा होते, टाकी कुठवर आली म्हणून."

"इंजिनिअर चुकला असं कळवा."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पत्र टाईप करून आणा," एवढंच म्हणाले.

सुटलो, असं वाटलं. बाहेर येऊन क्लार्कला रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र सांगत बसलो. क्लार्क मशीनवर कागद चढवता चढवता म्हणाला, "साहेब, ह्या रिपोर्टची एक नक्कल उदगीर रोडच्या गावाच्या फायलीत पन हाय. ती बी रद्द करायची का?"

"कोणती नक्कल?"

त्यानं पोत्यातून फाईल काढली. माझाच रिपोर्ट, कार्बन कॉपी. खाली दुसऱ्या इंजिनिअरचा शेरा होता, 'शेजारील गावाची माहिती ग्राह्य धरली.' शेजारचं म्हणजे किती शेजारचं? मधे चांगले आठ-दहा कोस. पण नव्या जिल्ह्यात जमिनीची माहिती कुणाकडेच नव्हती. एकाचा आकडा दुसऱ्याच्या फाईलला सरसकट लागायचा, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्या गावची तेवढीच टाकी आधी मंजूर होऊन माझ्या वीस टनांवर उभीसुद्धा राहिली होती. सोमवारी पहिल्यांदा पाणी भरायचं होतं.

खरं सांगतो, पाच मिनिटं मी तसाच बसलो. त्या फाईलवर माझी सही नव्हती. टाकी दुसऱ्यानं बांधलेली. त्यानं मला विचारलं नव्हतं, मी त्याला सांगितलं नव्हतं. बोललो नसतो तर कायद्यानं मला कुणी धरलं नसतं. क्लार्क बोटं मशीनवर ठेवून वाट बघत होता.

मला आई आठवली. लहानपणी आम्हाला विहिरीवर पाणी ओढू देत नसत. कुणीतरी दया येऊन वरून ओतायचं, आम्ही खाली ओंजळ धरायची. मी टाकीचा इंजिनिअर झालो तेव्हा ती म्हणाली होती, "तुझ्या टाकीचं पानी कुनाला वरून वाढावं लागत न्हाई, बरं झालं." अशा पाण्याखाली माणसं चिरडली तर? मी फाईल घेऊन परत साहेबांच्या खोलीत गेलो.

"सही तुमची नाही," साहेब फाईल चाळत म्हणाले.

"आकडा माझा आहे."

"मग सोमवारचं भरणं रद्द करू?"

"नको साहेब. नुसतं रद्द केलं तर ती कोरडी टाकी तशीच उभी राहील आणि आपण गेल्यावर कुणीतरी भरेल. आपणच भरू. पण एकदम नाही. पाव टाकी भरायची, खांबांची लेव्हल बघायची. मग अर्धी, परत लेव्हल. भोवती लांब दोर बांधायचा, आत आपल्याशिवाय कुणी नाही."

"खचली तर?"

"तर थांबायचं."

साहेबांनी फाईल बंद केली. मग म्हणाले, "मीही येतो."

सोमवारी सकाळी आम्ही तिथे होतो. रशीद मिस्त्रीही त्यांची माणसं घेऊन आले. काम त्यांचं नव्हतं, तरी आले. आधी दोन खांबांच्या बाजूनं, फूटिंगला धक्का न लावता, खड्डे घेतले. पहिल्यात तीच पिवळी माती, खडखडीत कोरडी. दुसरा खड्डा तिसऱ्या खांबाजवळचा, त्यात मिस्त्रींनी हात घातला आणि ओला गोळा बाहेर काढला.

हे पाणी कुठून आलं? काँक्रीट टाकल्यावर ते तीन आठवडे सतत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर कच्चं राहतं. त्यासाठी साईटवर पाण्याचा हौद असतो. इथला हौद तिसऱ्या खांबाला लागूनच होता आणि त्याला बारीक गळती होती. पाच महिने ती जमीन थेंब थेंब पाणी पीत होती. गावात प्यायला पाणी नाही आणि टाकीच्या पायाला रोज पाणी!

सहाही खांबांवर मी रंगानं खुणा केल्या आणि दूर उभं राहून लेव्हलच्या दुर्बिणीतून त्यांची उंची टिपली. बोअरचा पंप सुरू झाला. पाव टाकी भरली. काही नाही. अर्धी भरली. पाच खांब जागच्या जागी, तिसरा चार मिलिमीटर खाली. तासभर थांबलो. सात. आणखी एक तास. अकरा. खांबांना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या टोकाशी केसाएवढी चीर दिसली. आमच्या धंद्यात अकरा मिलिमीटर एकट्या खांबानं खाली जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं आणि साहेबांनाही. 

"बंद करा पंप," ते म्हणाले. "आणि रिकामी करा. लगेच."

रिकामी कुठे करायची? पन्नास हजार लिटर टाकीखालीच सोडलं असतं तर उरलेले पाच खांबही भिजले असते. गावात नळाची लाईन तयार होती, चौकाचौकात सार्वजनिक नळ बसवलेले. मी म्हटलं, "साहेब, नळ उघडू. लोक भरतील." त्यांनी मान हलवली.

मी व्हॉल्व्ह फिरवला आणि गावात गेलो. पाच मिनिटांत सगळं गाव रस्त्यावर. हंडे, घागरी, पातेली, तेलाचे डबे, एकीनं तर दुधाची किटली आणलेली. नळाला पाणी आलं, टाकी सुरू झाली, अशीच सगळ्यांची समजूत. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, हसत खिदळत भरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक पन्नाशीच्या बाई पुढे आल्या. नळाच्या तोटीला हळदीकुंकू लावलं, हात जोडले, मग हंडा लावला. नाव अनुसयाबाई, हे मला नंतर कळलं. हंडा भरता भरता त्यांनी माझ्या हातातली वही पाहिली.

"साहेब, उद्या कितीला सोडनार पानी?"

सरकारी उत्तर तोंडावर आलं होतं, 'कळवण्यात येईल.' ते गिळलं.

"उद्या न्हाई मावशी. टाकीचा पाया चुकलाय. आज नुसती रिकामी करायलोय. नीट व्हायला सात-आठ महिने लागतील."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"चुकला? कुनी चुकवला?"

"मी."

बाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "तुमी? तुमाला तर हितं कवाच पाहिलं न्हाई."

"न्हाई आलो मावशी. तेच चुकलं."

त्यांनी हंडा डोक्यावर चढवला. मला वाटलं, शिव्या घालतील आता. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मंग आता येत ऱ्हावा. नीट व्हईस्तोर." आणि गेल्या.

पुढचं थोडक्यात. त्या गावात रशीद मिस्त्रींनी आठवड्यात जमिनीवर विटांची छोटी टाकी बांधून दिली, बोअरचं पाणी तिच्यात सोडलं आणि तिला नळ लावले. घरोघर नळ नाही, पण टँकरची वाट बघणं संपलं. मोठ्या टाकीच्या खांबांना टेकू दिले आणि एका वेळी एकाच फूटिंगच्या खाली खोदत, खऱ्या मुरमापर्यंत काँक्रीटचे पाय उतरवले. हे काम घाईनं होत नाही. एक पाय घट्ट झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. शनिवारी मी एरवी एस.टी.नं नांदेडला घरी जायचो. ते आठ महिने उदगीर रोडची एस.टी. धरली. बायको म्हणायची, "तिकडंच घर बांधा, पायासकट." मला लेखी ताकीद मिळाली, बढती मागे पडली. साहेबांनी स्वतःवरही ठपक्याची एक ओळ लिहून घेतली होती, ते मला फार उशिरा कळलं. रेणापूरच्या गावची टाकी तेरा फुटांवरच्या पायावर उभी राहिली आणि आधी भरली. सरपंचांनी पूजा पुन्हा घातली. अपशकुन मोडायला, म्हणाले.

उदगीर रोडची टाकी काठोकाठ भरली त्या दिवशी मी दोराच्या आत, तिसऱ्या खांबाला टेकून उभा होतो. दिवसभरात सहा वेळा लेव्हल घेतली, सहाही खांब शून्य. संध्याकाळी नळ सोडले. अनुसयाबाई रांगेत होत्या. हंडा भरून झाला, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "झालं नव्हं? जावा आता घरला." एवढंच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नवे इंजिनिअर कधीमधी पाया दाखवायला बोलावतात. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर टाकीचं रंगीत मॉडेल असतं, कुठे किती ताण येतो ते लाल-निळं दिसतं. छान असतं. मी पहिलं एवढंच विचारतो, इथला खड्डा कुणी उतरून, भिजवून बघितला? "सर, शेजारच्या गावचा रिपोर्ट आहे ना," असं उत्तर आलं की मी माझी पिशवी उचलतो आणि म्हणतो, "मग बाबांनो, टाकीही शेजारच्याच गावात बांधा."